कंप्रेसरचा इम्पेलर : दाब आणि मजबुती

येळ्ळूरच्या शिवारातील विहिरीचा पंप उघडला, तर आत वाकड्या पात्यांचे बिडाचे चाक दिसते. हाच इम्पेलर होय. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकाम पाहिलेल्या विद्यार्थ्यांना बीड नवे नाही. केंद्रोत्सारी कंप्रेसरचे तत्त्वही तेच. परंतु हवा पाण्याहून सुमारे 800 पट हलकी. पुरेसा दाब मिळण्यासाठी चाक अतिशय वेगाने फिरवावे लागते.

200 मिमी व्यासाचे चाक मिनिटाला 30,000 फेरे घेते, तेव्हा कडेचा वेग सेकंदाला सुमारे 314 मीटर होतो. गोफणीतील दगड दोरीला ओढतो, तसे कडेवरील एक ग्रॅम धातू आतील धातूला सुमारे 100 किलो वजनाइतके ओढते. वेग दुप्पट केला की हवेला मिळणारी ऊर्जा चौपट आणि धातूतील ताणही चौपट! येथे बीड टिकत नाही. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, पोलाद किंवा टायटॅनियम लागते.

पात्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टोके फिरण्याच्या उलट दिशेला कलवल्यास प्रवाह स्थिर राहतो; पण कललेले पाते ओढीने सरळ होऊ पाहते व मुळाशी ताण येतो. त्यामुळे मूळ जाड ठेवून प्रवाह आणि ताण संगणकावर आळीपाळीने तपासतात. अभ्यासक्रमात मात्र या दोन विषयांचे तास वेगळे, शिक्षकही वेगळे.

चाक फुटल्यास तुकडे आवरण भेदू शकतात. म्हणून तयार चाक संरक्षित खड्ड्यात नेहमीपेक्षा अधिक वेगाने फिरवतात आणि नंतर मधल्या भोकाचा व्यास पुन्हा मोजतात. तो मर्यादेबाहेर वाढला असेल, तर चाक बाद.