‘इंजेक्शनची कोंबडी’ आणि खरा प्रश्न

दर शनिवारी शहापूर तालुक्यातल्या आमच्या शेतावरची अंडी घेऊन मी आसनगावहून लोकल पकडतो आणि भांडुपला उतरतो. कोकण नगर, टेंभीपाडा, जंगल मंगल रोड या भागांत ठरलेली वीस-पंचवीस घरं आहेत. त्यांतल्या निम्म्या घरांत दारातच ऐकू येतं, "दादा, तुमचीच द्या. त्या ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात हो." याच समजुतीवर माझा माल खपतो, हे मला कळतं. पण ती समजूत खोटी आहे, आणि आता गप्प बसवत नाही.

ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाते, हे खरं. पण त्यासाठी तिला हार्मोन लागत नाही. वाढीचं हार्मोन हे एक प्रथिन आहे. ते खाद्यात मिसळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. म्हणजे ते टोचावंच लागेल, तेही पुन्हा पुन्हा. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये कामाला दोन माणसं. ती पाच हजार कोंबड्या एकेक करून पकडणार कधी, आणि त्या सुईचा खर्च कोंबडीच्या दरात बसणार कसा?

मग वाढ येते कुठून? पैदाशीतून. सर्वांत झपाट्याने वाढणारे पक्षी निवडायचे, त्यांची पिल्लं घ्यायची, त्यांतून पुन्हा निवडायचं, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. संशोधकांनी 1957 आणि 1978 सालचे जपून ठेवलेले वाण आणि 2005 सालचा बाजारातला वाण एकत्र वाढवले. तिघांना खाद्य एकच. 56 दिवसांनी 1957 च्या पक्ष्याचं वजन सुमारे 900 ग्रॅम, 1978 च्या पक्ष्याचं 1,800 ग्रॅम आणि 2005 च्या पक्ष्याचं 4,200 ग्रॅम भरलं.

सुईचंच म्हणाल, तर ती आमच्या गावठी कोंबड्यांना बसते. मानमोडीची लस. पिल्लू सात दिवसांचं झालं की बर्फाच्या थर्मासमधून कुपी काढायची, पिल्लू मुठीत धरायचं, डोळ्यात एकच थेंब सोडायचा आणि ते पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही. घाई केली की थेंब गालावरून ओघळतो. पुढे दोन महिन्यांनी त्याच रोगाचं इंजेक्शन. ब्रॉयलर तेवढी जगतच नाही. "गावठीला औषधपाणी लागत नाही" असं सांगणाऱ्यांनी मानमोडी येऊन गेलेलं खुराडं एकदा बघावं. संध्याकाळी माना वाकड्या झालेल्या दिसतात आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं.

मला राग येतो तो यासाठी की, या खोट्या भीतीमुळे खरे प्रश्न कुणी विचारतच नाही. इतक्या वेगाने वजन वाढलं की पाय साथ देत नाहीत. शेवटच्या आठवड्यात कित्येक पक्षी लंगडतात, बसूनच राहतात. गर्दीत रोग पसरू नये म्हणून, आणि वाढीसाठीही, प्रतिजैविकं वापरली जातात. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत त्यांचे अंश सापडले. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर सरकारला 2019 मध्ये बंदी घालावी लागली. अंड्यांच्या कोंबडीचं आयुष्य तर याहून वाईट. पारंपरिक पिंजऱ्यात तिच्या वाट्याला येणारी जागा झेरॉक्सच्या एका कागदापेक्षाही कमी असते. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही. विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात याच कोंबड्यांच्या हालांचा विचार केला आहे. हे सगळं हार्मोनशिवाय चालतं.

बाकीचे समज थोडक्यात सांगतो. तपकिरी अंडं म्हणजे गावरान, असं नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि पिंजऱ्यातल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. बलक गडद पिवळा असला म्हणजे अंडं जास्त पौष्टिक, हेही नाही. मका आणि हिरवा पाला खाल्ला की रंग चढतो. दुकानातल्या अंड्यात जीव नसतो, कारण पिंजऱ्यात कोंबडाच नसतो. कोंबडखताने पीक जळतं ते ताजं टाकलं तर. आम्ही ते भाताच्या तुसात मुरवून वांग्यांना घालतो आणि वांगी उत्तम येतात. मोकळ्या कोंबडीला खर्च नाही, हा समज मात्र मला फार लागतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पिंजऱ्यातली तीनशेच्या आसपास. मधेच ती खुडूक बसते आणि तिला बसू द्यावं लागतं. मका, तांदळाची कणी विकत आणावी लागते. मुंगूस आणि घार आपला वाटा नेतात. अंड्याचा दर त्यातून ठरतो.

भांडुपच्या डोंगरापलीकडे, आरे वसाहतीत, केंद्र सरकारचं कुक्कुटपालन विकास केंद्र आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर हार्मोनबद्दल तिथे विचारा. आणि अंडी घेताना, मग ती माझ्याकडून घ्या नाहीतर कुणाकडूनही, एवढंच विचारा: कोंबडीला जागा किती, ती बाहेर फिरते का, शेवटचं औषध कधी दिलं? मला विचारलंत तर लशीच्या तारखा लिहिलेली वही दाखवीन. रविवारी सकाळी सहाला खुराडं उघडतो, तेव्हा शेतावर या आणि स्वतः बघा.