आईचं माहेर कुणाला ठाऊक नाही?

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातलं अठरा वर्षांखालच्या मुलांचं कलम आज उघडायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. सावद्याच्या एका ताईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना.

त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल होता. दुपारी एकला संकेतस्थळ सुरू होणार म्हणून ती फोन घेऊन बसलेली. सगळा महाराष्ट्र एकाच वेळी धडकल्यावर पान उघडतंय कशाला! तेवढ्यात सुरतच्या मामांनी घरच्या ग्रुपवर तिचे गुण टाकले, विषयवार, गणितातल्या काठावरच्या गुणांसकट. अभिनंदनाचा पाऊस सुरू झाला आणि मुलगी आतल्या खोलीचं दार लावून बसली. ताई विचारतात, ‘कुणी काही चोरलं नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता. मग तिला इतकं का लागलं? आणि हे तुमच्या विषयात बसतं का?’

बसतं, ताई. बोर्डाच्या निकालाला दोनच गोष्टी लागतात : बैठक क्रमांक आणि आईचं नाव. क्रमांक तर परीक्षेआधीच ‘आशीर्वाद द्या’ म्हणून ग्रुपवर टाकलेल्या हॉल तिकिटाच्या फोटोत होता, आणि मामाला बहिणीचं नाव कोण सांगणार? मामांनी कौतुकानंच पाहिलं. पण ती बातमी तुमच्या मुलीची होती. आधी आपण पाहायची, मग कुणाला, किती आणि कधी सांगायचं ते आपण ठरवायचं, एवढीच तिची अपेक्षा होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा आपण सगळे सरकार आणि आधारबद्दल बोलत होतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या गणिताच्या गुणांनाही तोच हक्क लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. मामांना तुम्हीच सांगा, आणि मुलीच्या देखत सांगा.

आता माझ्या आवडत्या आडवाटेला वळतो. निकालाच्या पानावर आईचं नाव कुलपासारखं वापरलंय, आणि आपल्याकडे ते कुलूप मुळीच चालत नाही.

काही खात्यांचा पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला आपल्याला प्रश्न विचारले जातात : आईचं माहेरचं आडनाव काय? तुमची पहिली शाळा कोणती? लाडाचं नाव काय? आईच्या माहेरच्या आडनावाची ही पद्धत अमेरिकेतल्या बँकांनी शंभर वर्षांपूर्वीच रुळवली. तिथल्या मोठ्या शहरात ते आडनाव परक्याला कळायचं नाही, हे खरं असेल. रावेर तालुक्यात? इथे एस.टी.त शेजारी बसलेली आजी दोन थांब्यांत तुमचं गाव, कूळ आणि मामाचं घर शोधून काढते.

मी शाळेत तास घेतो तेव्हा मुलांना घरात आलेली एक लग्नपत्रिका आणायला सांगतो. नवरदेवाच्या आईचं माहेर? खाली मामांची नावं आडनावांसकट छापलेली असतात. मूळ गाव? वरच असतं. मोबाइल नंबर? निमंत्रकांच्या नावापुढे. मग मुलं सर्वांत खालच्या ओळीपाशी पोचतात, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ तिथे चिंटू, परी, गोलू. एका वर्गात एका मुलानं पत्रिकेवर स्वतःचंच लाडाचं नाव शोधलं. तो तीन वर्षांचा असताना छापलेलं. हातात फोन येण्याच्या दहा वर्षं आधी त्याच्या एका ‘गुप्त’ प्रश्नाचं उत्तर पाचशे घरांत वाटून झालं होतं. आता तर पत्रिकेची पीडीएफ फिरते, सूर लावून केलेला व्हिडिओ फिरतो.

पत्रिका छापू नका, असं मी म्हणणार नाही. आईचं नाव लपवा, असं तर कधीच म्हणणार नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या नावाच्या आधी, आईचं नाव लावण्याचा निर्णय आपल्या राज्यानं घेतलाय, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आईचं नाव उजळ माथ्यानं सगळीकडे लिहावं. मात्र जे चारचौघांत लिहायचं, त्यानं तिजोरी बंद करू नये. मुलांना मी इतकंच शिकवतो की ओळख वेगळी, किल्ली वेगळी.

२००८ साली अमेरिकेत उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ई-मेल खातं वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं उघडलं. त्यासाठी त्याला जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली एवढंच पुरलं, आणि हे सगळं शोधल्यावर जाहीर माहितीत सापडण्याजोगं होतं. आपल्या आजोबांचं तर त्याहून सोपं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, म्हणून त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. मग एटीएमचा पिन ०१०६ ठेवलेला. वर्गात हे म्हटलं की दोनचार मुलं एकमेकांकडे बघतात.

आणि ई-आधारची पीडीएफ! तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. वडिलांचं नाव आणि वय सगळ्या गावाला माहीत. ती फाइल कुणाच्याही हाती गेली की उघडली.

हे मी किशोरांनाच का सांगतो? कारण आमच्या भागात घरातला कारकून तेच आहेत. केळीच्या पीक विम्याचा अर्ज, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया, सगळं नववी-दहावीतलं पोर करतं. वडिलांचा ओटीपी तेच वाचतं, सेवा केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पासबुक आणि आधार तेच पाठवतं. इन्स्टाग्रामवरच्या फोटोंबद्दल आपण त्याला शंभर वेळा दटावतो, पण आईवडिलांच्या कागदांचा सगळा जुडगा त्याच्या खिशात आहे हे कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं की मुलं एकदम मोठी होतात, हा माझा अनुभव आहे. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यायचं, काम झालं की पाठवलेली फाइल दोन्ही फोनांतून काढायला लावायची, असल्या गोष्टी मग ती स्वतःहून करतात.

एका मुलीनं विचारलं होतं, ‘मंग खोटं लिहाचं का, सर?’ हो, लिहायचं. आईच्या माहेरच्या आडनावाच्या रकान्यात ‘ढगाळतांबडा७१’ लिही. तिथे तुझ्याकडून खरेपणाची अपेक्षा नाही, पुन्हा तेच उत्तर देता येण्याची आहे. घरच्या एका वहीत ते लिहून ठेव आणि वही कपाटात ठेव. शेजारी बसलेल्या शिक्षकांना हे पटलं नाही, मुलांना असत्य शिकवू नये असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो. परीक्षेत, घरात, पोलिसांसमोर खरंच बोलायचं, याबद्दल आमचं दुमत नव्हतंच. पण यंत्राच्या त्या रकान्यात लिहायचा शब्द हा दाराच्या चावीचा दाता आहे, तो कसाही कापता येतो.

आणि किल्ली हरवलीच, कुणी पैसे काढलेच, तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लगेच फिरवायचा. मुलांना तो पाठ असतो, मोठ्यांना नसतो.

पुढच्या आठवड्यात कायदाच. तोवर शाळकरी मुलांनी एक करावं : आई, बाबा आणि आजोबा यांच्या फोनचं कुलूप कशानं उघडतं ते विचारावं, आणि त्यात जन्मतारीख असेल तर त्यांच्या शेजारी बसून ती बदलून द्यावी. नवा आकडा त्यांनीच टाकायचा, तुम्ही तोंड फिरवून बसायचं.