आखलेलं गाव, कुलूपबंद घरं



बचत गटाच्या बैठकीला आम्ही निलंगा-औसा भागात गावोगाव जातो. भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावात शिरलं की लगेच ओळखू येतं. रस्ते सरळ आणि रुंद, घरं ओळीत, सगळ्यांचा तोंडवळा सारखा. पण अलीकडे आणखी एक गोष्ट डोळ्यात भरते. एका घराला कुलूप, पुढच्या घरात एकटी म्हातारी, त्याच्या पुढच्या घराला रस्त्याकडे शटर लावून दुकान काढलेलं. बैठकीत नावं पुकारली की बाया सांगतात, "ती पुण्याला गेली, लेकाकडं." आखून दिलेलं गाव माणसांच्या जाण्या-येण्याने कसं बदलतं आणि त्यात आपण बायांनी काय सांभाळायचं, हे आज बोलू.

आधी थोडं मागे जाऊ. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसं दगावली. भूकंप तर होताच, पण जास्त जीव घेतला तो घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. भिंत पोटातून फुटली आणि माळवद खाली आलं.

मग जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सगळ्यात जास्त पडझड झालेली 52 गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. बाकीच्या शेकडो गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत केली. नव्या गावात घर किती मोठं मिळणार, हे शेतीवर ठरलं. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत शेती असलेल्यांना 250 चौरस फूट, 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 450 आणि त्याहून जास्त शेती असलेल्यांना 750 चौरस फूट.

ही आखणी करताना मनात एक सरळ हिशोब होता. एक कुटुंब, एक घर, आणि ते कुटुंब तिथेच राहणार. जीव वाचवणारं घर हवं होतं, ते मिळालं. पण जुन्या गावातल्या गोष्टी मागे राहिल्या. जुन्या गल्लीत भावकी शेजारी होती, ओसरी होती, जनावरांना जागा होती, बायांना मागच्या दाराने एकमेकींकडे जाता येत होतं. नव्या गावात दार थेट रस्त्यावर उघडलं आणि सासू एका ओळीत, धाकटी जाऊ दुसऱ्या ओळीत झाली. शेतीप्रमाणे घरं दिल्याने मोठे शेतकरी एकीकडे आणि मजूर दुसरीकडे, अशी विभागणीही झाली. माणसांनी मग आपापल्या परीने घर बदललं. पुढे पत्र्याची पडवी काढली, मागे चूल मांडली, बाजूला गोठा केला.

त्यानंतर आलं स्थलांतर. ते काही नवं नव्हतं. 1972 च्या दुष्काळातही माणसं गाव सोडून गेली होती. पण 2015-16 च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्यांची शेती दोन-चार एकर त्यांनी काय करावं? भूकंपाच्या वेळी कडेवर असलेली लेकरं आता कर्ती झाली आहेत. 250 चौरस फुटांत दोन भावांचे दोन संसार मावत नाहीत आणि सोयाबीनवर दोन्ही चुली पेटत नाहीत. मग एक भाऊ पुण्याला, नाहीतर हैदराबादला. दिवाळीला आणि लग्नसराईत घराचं कुलूप निघतं, बाकी वर्षभर अंगणात गवत.

आपली माणसं जिथे जातात, ती वस्तीही कधीतरी कुणीतरी आखलेलीच असते. आपल्या भागातले कितीतरी जण पिंपरी-चिंचवडला आहेत. तिथे 1954 साली पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढे औद्योगिक वसाहत आली, आणि कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. प्राधिकरणाने चौकोनी सेक्टर आखले, रुंद रस्ते काढले. पण माणसं आखणीपेक्षा कितीतरी जास्त आली. ज्यांना प्राधिकरणात घर परवडलं नाही, त्यांनी आजूबाजूच्या शेतात गुंठा-अर्धा गुंठा घेऊन खोल्या बांधल्या. एका खोलीत संसार आणि दुसरी भाड्याने, असा आपल्या कितीतरी लेकी-सुनांचा तिथला हिशोब आहे.

कल्याणजवळच्या उल्हासनगरचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी तिथे बराकी बांधल्या. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकीत ठेवलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. एका लांब बराकीत पडदे लावून कुटुंबं राहिली. त्यांनी तिथेच दुकानं, छोटे कारखाने काढले. पुढे कामाच्या शोधात दुसऱ्या मुलखातली माणसं आली. आज तिथे फिरताना ही कधीकाळी सैनिकांची छावणी होती, असं सांगूनही पटत नाही. लांब इंग्लंडातही युद्धात लंडन शहर बॉम्बने पडल्यावर 1946 साली कायदा करून नवी गावं आखली गेली. घर पाडणारं युद्ध असो की भूकंप, सरकार आधी घरं मोजतं आणि ओळी आखतं. पुढे ती वस्ती कशी होणार, हे येणारी-जाणारी माणसं ठरवतात.

तेव्हा माणसं गेली म्हणून नुसतं हळहळून चालणार नाही. कमवायला जाणं हा गुन्हा नाही. पण जाण्या-येण्यात तीन गोष्टी सुटून जातात, आणि त्याचा भार मागे राहिलेल्या बाईवर पडतो. त्या तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली, घराचा कागद. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, सासरे वारले, मुलगे बाहेरगावी, आणि वारसाची नोंद कुणी केलीच नाही, असं आम्हाला बऱ्याच घरांत दिसतं. घरात राहते, घरपट्टी भरते ती बाई, पण कागदावर तिचं नाव नाही. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा मागा. 2003 सालीच राज्य सरकारने निर्णय केलेला आहे की गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने व्हावी. नवरा मृत्युपत्र न करता वारला असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या मालकीच्या घरात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. मात्र नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. म्हणून पुनर्वसनात मिळालेला वाटपाचा कागदही जपून ठेवा. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं आहे. आपल्या गावाची मोजणी झाली का, हे ग्रामपंचायतीत विचारा. मोजणीच्या वेळी कुलूप असलेल्या घराची बाजू कोण मांडणार, हे शेजारणींनी आधीच ठरवून ठेवावं.

दुसरी, भिंतीतली पट्टी. दाराच्या वरून घराभोवती लोखंडी सळयांची जी आडवी सिमेंटची पट्टी फिरवलेली असते, ती शोभेसाठी नाही. कमरेला पट्टा बांधावा तशी ती चारही भिंती एकत्र धरून ठेवते. आता शहरातून पैसे येतात, दुकानासाठी शटर बसवायचं असतं, भाडेकरूसाठी दार पाडायचं असतं, आणि गवंडी ती पट्टी तोडतो. तोडणाऱ्याने 1993 पाहिलेलं नसतं. नव्या भाडेकरूलाही ठाऊक नसतं. पण आपल्याला ठाऊक आहे. दुरुस्तीच्या काळात गावोगाव महिला मंडळाच्या बायाच संवाद सहायक म्हणून घरोघरी गेल्या होत्या. भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, हे त्यांनी गवंड्यांना विचारून घेतलं आणि दुसऱ्यांना सांगितलं. 2001 साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या बाया कच्छला जाऊन तिथल्या बायांना हे शिकवून आल्या. त्या बाया आता साठीच्या पुढे आहेत. त्यांना गटाच्या बैठकीत बोलवा, आणि घरात फेरफार करणाऱ्या सुनेला त्यांच्या शेजारी बसवा.

तिसरी, एकटं माणूस. जुन्या गल्लीत रात्री कुणी खोकलं तरी शेजारी ऐकू जायचं. रुंद रस्त्याच्या पलीकडे ते ऐकू जात नाही. आमच्या एका गटाने साधी वही केली आहे. प्रत्येक ओळीतलं एकटं राहणारं माणूस, त्याच्या लेकाचा किंवा लेकीचा फोन नंबर, चालू औषध, आणि रोज सकाळी त्याच्या दारावरून जाणारी सभासद कोण. तिने फक्त बघायचं, दार उघडलं का. या कामाला पैसा लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका आजींचं दार उशिरापर्यंत उघडलं नाही, ते याच वहीमुळे लक्षात आलं. त्या तापाने फणफणल्या होत्या. गटातल्या दोघींनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लेक पुण्याहून रात्री पोहोचला, तोवर आजी उठून बसल्या होत्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा घेऊन या. नाव कुणाचं आहे ते सगळ्याजणी मिळून वाचू. आणि शहरात गेलेल्या सभासदेला फोन करून तिच्याही घराचा कागद कुठे ठेवला आहे ते विचारून घ्या. घराला कुलूप असलं तरी ती आपल्याच गटातली आहे.