पिंपातली गारगोटी

गुजरातेतल्या खंबायतचे अकीक कारागीर मण्यांना चकाकी आणायला पूर्वी चामड्याची पिशवी वापरत. पिशवीत मणी, कुरुंदाची भुकटी आणि पाणी भरून तोंड घट्ट बांधायचं. मग दोन माणसांनी समोरासमोर बसून ती एकमेकांकडे लोळवायची, दिवसचे दिवस. घरगुती ‘रॉक टंबलर’ तेच काम करतो, फक्त माणसांच्या जागी मोटर आणि चामड्याच्या जागी रबराचं छोटं पिंप. लहान यंत्रात साधारण सव्वा ते दीड किलो दगड मावतात आणि ते रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं.

पिंप फिरलं की दगड एका बाजूने वर चढतात आणि थराथराने घसरत खाली येतात. झीज होते ती या घसरण्यात. पिंप अर्धंच भरलं तर दगड उंचावरून आदळून टवके उडतात. गच्च भरलं तर ते हलतच नाहीत. म्हणून दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचं आणि पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवायचं. लहानमोठे दगड मिसळलेले असले तर फटी भरतात आणि घासकाम चांगलं होतं.

घासायला लागते सिलिकॉन कार्बाइडची भुकटी. तिच्या दाण्याला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. सुरुवात 60/90 ने, मग 120/220, पुढे 500 च्या आसपासची आणि शेवटी पॉलिशसाठी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर, म्हणजे सगळं मिळून महिना. नवशिक्याला शेवटच्या टप्प्याची घाई असते, पण खरा निकाल पहिल्याच टप्प्यात लागतो. चकाकी म्हणजे पृष्ठभागावरचे ओरखडे इतके बारीक होणं, की प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परततो. पहिल्या आठवड्यात राहिलेला खड्डा किंवा भेग पुढची कोणतीही भुकटी भरून काढत नाही, उलट तो उठून दिसतो. असे दगड वेगळे काढून पुन्हा जाड भुकटीत टाकावेत. कंटाळवाणं आहे खरं, पण दुसरा इलाज नाही.

टप्पा बदलताना दगड, पिंप आणि झाकणाची खाचसुद्धा धुवायची. जाड भुकटीचे दोन-चार दाणे पॉलिशमध्ये शिरले तरी महिन्याची मेहनत वाया जाते.

कोणते दगड घ्यावेत? महाराष्ट्राला इथे घरचाच फायदा आहे. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपलं आणि थरावर थर साचून अकीक तयार झाला. नदीपात्रात सापडणाऱ्या कित्येक गारगोट्या याच कुळातल्या. मोह्सच्या मापावर त्यांचा कठीणपणा 7 च्या आसपास, टंबलरला अगदी साजेसा. पण त्याच पोकळ्यांत मिळणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे सुंदर स्फटिक चुकूनही पिंपात टाकू नयेत. त्यांचा कठीणपणा साडेतीन ते पाच, त्यामुळे शेजारची गारगोटी त्यांचा चुरा करील. पोलादी चाकूने ओरखडा उठत असेल तर तो दगड या घोळक्यातला नव्हे. काळा बेसाल्ट कठीण असला तरी त्यातली खनिजं कमीजास्त झिजतात, छिद्रं राहतात आणि आरशासारखी चमक क्वचितच येते.

खंबायतच्या कथेला एक काळी बाजू आहे. तिथे अकीक कोरडा घासताना उडणाऱ्या सिलिकेच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस जडल्याची नोंद आहे. टंबलरमध्ये सगळं ओलं असल्याने हा धोका कमी, पण भुकटी ओतताना ती उडू देऊ नये आणि सुकलेला गाळ झाडू नये. बंद पिंपात कधीकधी वायूही साठतो, त्यामुळे अधूनमधून झाकण उघडलेलं बरं.

पॉलिश जमलं की नाही, हे दगड कोरडा करूनच पाहायचं. ओला दगड सगळ्यांचाच चमकतो. आणि उरलेला राखाडी गाळ मोरीत ओतायचा नाही. तो बादलीत बसू द्यावा, वरचं पाणी निथळून चिखल कचऱ्यात टाकावा. नळीच्या वळणात तो बसला की घट्ट होतो, आणि मग टंबलरपेक्षा प्लंबर महाग पडतो.