आठ अक्षरांची उणीव

इर्शाळगडाच्या पायथ्याशी, मुंबई-पुण्याच्या जुन्या हमरस्त्यावर वसलेल्या चौक गावाहून आषाढात कर्जतकडे निघालेल्या प्रवाशाला दुतर्फा जी भातखाचरे दिसतात, त्यांतील चिखलात वाकून आवण लावणाऱ्या माणसांचा आणि संगणकाचा काही ऋणानुबंध असेल, अशी शंकाही बहुधा येणार नाही. परंतु ज्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने १९१९ पासून निवड आणि संकर यांच्या संथ मार्गाने ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ यांसारखे वाण आणि १९९८ साली ‘सह्याद्री’ हा संकरित भात या मुलखाला दिला, त्या केंद्राच्या विद्येशी गणिताची, पदार्थविज्ञानाची आणि संगणकाची विद्या गेल्या अर्धशतकात अशी काही येऊन मिळाली आहे की, त्यांतील सरहद्द नेमकी कोठे आखावी हे आता त्या शास्त्रांच्या पंडितांनाही सांगणे कठीण व्हावे.

भाताच्या बारा गुणसूत्रांच्या संचात, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला, सुमारे ३८ कोटी ९० लक्ष अक्षरांचा मजकूर असतो. तो वाचण्याचे काम दहा देशांनी आपसांत वाटून घेतले, अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारताच्या वाट्याला आला, आणि २००५ साली सर्व तपशील प्रसिद्ध झाला. मजकूर वाचला असे आपण म्हणतो खरे; वस्तुतः यंत्राच्या हाती येतात ते लहान लहान तुकडे, आणि एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे जुळतो हे हुडकून त्यांची सलग संहिता सिद्ध करणे, हे काम मानवी डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे, ते संगणकाकडेच सोपवावे लागते.

संहिता सिद्ध झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो तुलनेचा. कचेरीतील अव्वल कारकून एकाच दस्तऐवजाच्या दोन नकला ताडून पाहतो, तेव्हा एका नकलेत एखादा शब्द गळलेला आढळला, तर तेवढी जागा रिकामी मानून तो पुढचा मजकूर पुन्हा जुळवून घेतो. पण गळती नेमकी कोठे झाली याचे अनेक अर्थ संभवत असतील, तर त्यांतला ग्राह्य कोणता? नीडलमन आणि वुन्श या दोघांनी १९७० साली याला गणिती उत्तर दिले: जुळलेल्या अक्षराला गुण द्यावेत, विसंगतीला आणि रिकाम्या जागेला दंड करावा, आणि छोट्या छोट्या खंडांचे उत्तम हिशेब कोष्टकात मांडून ठेवून त्यांच्याच आधारे मोठ्या खंडाचा हिशेब करावा, म्हणजे अगणित जुळण्या एकेक करून तपासण्याची यातायात वाचते. १९८१ साली या पद्धतीला नवे वळण देणाऱ्यांपैकी टेंपल स्मिथ मूळचे पदार्थवैज्ञानिक, तर मायकेल वॉटरमन गणिती. आपल्याकडे पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले, आणि तेथील अशोक कोळस्कर व त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली प्रसिद्ध केलेली, प्रथिनाचा कोणता भाग शरीराची संरक्षक यंत्रणा ओळखील याचा केवळ अक्षरांवरून अदमास बांधणारी पद्धत आजही जगभर वापरली जाते.

संहितांच्या अशा तुलनेतून काय निष्पन्न होते, याचा रोचक दाखला म्हणजे तांदळाचा सुवास. घाट चढून वडगाव मावळला गेले, की १९८७ साली तेथील संशोधन केंद्राने आंबेमोहोरापासून सिद्ध केलेल्या ‘इंद्रायणी’चे माहेर लागते, आणि तिच्या वासाचे कौतुक चौकच्या स्वयंपाकघरांना निराळे सांगायला नको. बासमती व इतर सुवासिक वाणांची संहिता साध्या भाताच्या संहितेशेजारी मांडली असता, २००५ साली असे दिसून आले की, आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकात अवघी आठ अक्षरे गळालेली आहेत. त्यामुळे एक विकर निकामी होते, त्याने ज्याची वासलात लावायची तो पदार्थ साचून राहतो, आणि त्यातूनच सुगंधी द्रव्य निपजते. ज्या गुणाला आपण दैवी देणगी समजत आलो, तो मुळात नक्कल करताना झालेली चूक आहे, ही गोष्ट मला तरी मोठी मौजेची वाटते. मात्र सर्वच सुवासिक भातांत हीच गळती असते असे नाही. काही वाणांत त्याच जनुकात अन्यत्र बिघाड आढळतो.

वास नाकाला कळतो. पण हळवेपणा, गरवेपणा, लोळण्याची खोड, करप्याला तोंड देण्याची ताकद, हे गुण एका जनुकाचे नव्हेत. २०१८ साली ८९ देशांतील ३,०१० वाणांच्या संहिता एकत्र ताडून पाहण्यात आल्या, तेव्हा एकेका अक्षराचे भेदच २ कोटी ९० लक्षांवर भरले. यांतील कोणता भेद कोणत्या गुणाला कारण, हे ठरवताना मोठा धोका संभवतो तो नात्यागोत्याचा: एकाच घराण्यातील वाणांत अक्षरही सारखे असते आणि गुणही सारखा असतो, म्हणून अक्षर हे गुणाचे कारण ठरत नाही. हा भ्रम दूर ठेवणारे संख्याशास्त्र बव्हंशी शेतातच जन्मले. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी विद्वानांनी १९५४ साली कृषिक्षेत्रातील अभ्यासकांसाठी म्हणून जो संख्याशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्याने कृषी महाविद्यालयांतील पिढ्यान्‌पिढ्यांना वाफे कसे आखावेत आणि उत्पन्नाच्या तफावतीतून योगायोग कसा वगळावा, हे शिकविले. आजचे प्रचंड संगणक त्याच हिशेबाचा विस्तार करतात.

माझ्या मते या विद्येची खरी अडचण संगणकाच्या शक्तीत नाही. अक्षरे वाचणे दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. दुर्मिळ होत चालली आहे ती दुसऱ्या बाजूची नोंद, म्हणजे कोणता भात कोणत्या खाचरात, किती पावसात, किती दिवसांत निसवला, याची. ही नोंद कोणतेही यंत्र मागाहून तयार करू शकत नाही, आणि तिच्यावाचून ३८ कोटी अक्षरांचा मजकूर नुसता मजकूरच राहतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावे नोंदविता येतो; यास्तव खालापूर-कर्जत तालुक्यांत ज्यांच्या कणगीत वाडवडिलांपासूनचे बियाणे अद्याप शिल्लक असेल, त्यांनी त्याचे नाव, त्याचा काळ आणि त्याच्या खोडी एका वहीत उतरवून ठेवाव्यात आणि बियाणे कोणत्याही संशोधन केंद्राच्या स्वाधीन करताना ती वहीही सोबत द्यावी.