यंत्राचा गळा – भाग ७ : इंग्रजी गाण्याला डाळभाताचा वास

गेल्या आठवड्यात आपण व्हॉइसबँक, म्हणजे यंत्राला गाण्यासाठी ध्वनिमुद्रित केलेला आवाज, कशी निवडायची ते पाहिलं. त्यानंतर मोडनिंब-टेंभुर्णीकडच्या काही पोरांनी आपापल्या फायली पाठवल्या. गाणी इंग्रजी, चाली बऱ्या, आणि तक्रार सगळ्यांची एकच: आवाज भारी आहे, पण गायला लागला की रोबोट वाटतो. मग कुणी सॉफ्टवेअरला नावं ठेवतो, कुणी महागडी व्हॉइसबँक घ्यायला निघतो. पैसे खिशातच राहू द्या. फायली ऐकल्यावर माझं मत असं झालंय की दुखणं आवाजात नाही, आपण मांडलेल्या सुरांच्या लांबी-रुंदीत आहे.

लता मंगेशकरांचा एक किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. १९४७ च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये संगीतकार अनिल विश्वासांनी त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. ही मुलगी मराठी आहे म्हटल्यावर दिलीपकुमार म्हणाले की मराठी गायकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. त्यांनी मौलाना ठेवून उर्दूची रीतसर शिकवणी घेतली. पुढचं सांगायला नको.

यंत्राच्या गळ्याचं मात्र उलटं आहे. लताबाईंना जीभ वळवायची होती. आपल्या यंत्राची जीभ आधीच वळलेली असते. इंग्रजी व्हॉइसबँकमधला ‘ट’ हा ज्या गायिकेचा आवाज ध्वनिमुद्रित केला तिचा असतो, आपला नाही. तुम्ही कितीही ठसठशीत माढा तालुक्यातले असा, तुमचा ‘ट’ त्यात शिरूच शकत नाही. मग डाळभाताचा वास येतो कुठून? तो येतो मात्रांतून. कुठलं अक्षर किती लांबवायचं, कशावर वजन टाकायचं आणि काय गिळून टाकायचं, हे सगळं आपण माउसने ठरवतो, आणि ते ठरवताना मराठी कानाने ठरवतो.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण मान देतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सोडला तर कुठलंच अक्षर चोरटं नसतं. इंग्रजीत निम्मी अक्षरं चोरटीच असतात. ती ऐकू येतात न येतात तोच पुढचं वजनदार अक्षर येतं, आणि त्या चढउतारावरच भाषा चालते. यंत्राकडून ही चोरटी अक्षरं छाती काढून म्हणवून घेतली की झाला रोबोट. नवशिक्याने बाकी काही केलं नाही आणि एवढंच सुधारलं, तरी गाणं निम्म्याने सुधारतं.

एक ओळ घेऊन बघू. कुणाच्या गाण्यातली नको, आपलीच बनवू: ‘द रोड टु सोलापूर इज लाँग अँड ड्राय’. काव्य म्हणून ती फार काही नाही, पण सरावाला उत्तम. दहा अक्षरं आहेत. आधी ती साध्या बोलण्यात चार-पाचदा म्हणा आणि हात कुठे आपोआप आपटतो ते बघा. रोड, सो, पूर, लाँग, ड्राय. उरलेली पाच हलकी.

आता केरवा धरा, आठ मात्रांचा. माझ्याकडे आलेल्या फायलींत अशा ओळीची दहाही अक्षरं सारख्या लांबीची होती, पीटीच्या तासासारखी. त्याऐवजी वजनदार अक्षराला तीन मात्रा द्या, हलक्याला एक. ‘द’ आधीच्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर उचलायचा. ‘रोड’ समेवर, तीन मात्रा. ‘टु’ चौथीवर. ‘सो’ पाचवी ते सातवी, ‘ल’ आठवीवर. पुन्हा सम आली की ‘पूर’ तीन मात्रा, ‘इज’ चौथीवर, ‘लाँग’ पाचवीपासून, ‘अन्’ आठवीवर, आणि ‘ड्राय’ पुढच्या समेवर, तिथे हवं तेवढं थांबा. चालीतला एकही सूर बदललेला नाही, फक्त लांबी बदलली. एकदा वाजवून बघा, यंत्र तेच असूनही गाणारी व्यक्ती बदलल्यासारखी वाटेल.

हलक्या अक्षरांचं आणखी एक काम उरतं. तुम्ही सुरावर शब्द टाइप करता तेव्हा सॉफ्टवेअरमधलं गाणारं इंजिन तो शब्दकोशात शोधतं आणि त्याचे ध्वनी मांडतं. इंग्रजीसाठी बहुतेक जण आर्पाबेट ही चिन्हपद्धत वापरतात. ती १९७० च्या दशकात अमेरिकेत, यंत्राला बोलणं समजावं म्हणून चाललेल्या संशोधनातून आली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्रसिद्ध उच्चारकोशात असे १,३४,००० हून अधिक शब्द ३९ ध्वनींत लिहिलेले आहेत. त्यात ‘टु’चे एकाहून जास्त उच्चार आहेत: एक भरघोस ‘टू’, दुसरा नुसता ‘ट’ला अ लावल्यासारखा. ‘अँड’चंही तसंच. इंजिन बऱ्याचदा भरघोस उच्चार उचलतं. सुराच्या वर दिसणाऱ्या ध्वनींच्या ओळीत जा आणि तिथे ‘टु’मधल्या ‘यूडब्ल्यू’च्या जागी ‘एएक्स’ किंवा ‘एएच’ लिहा. हा तोंड अर्धवट उघडून निसटणारा स्वर म्हणजे जवळजवळ आपला ‘कमळ’मधला अ. जपानी पोरांना तो मुद्दाम शिकावा लागतो. आपण दिवसभर तोच वापरतो, पण इंग्रजी स्पेलिंग दिसलं की विसरतो.

‘सोलापूर’ आणि ‘मोडनिंब’ हे शब्द कोशात सापडतील ही आशा सोडा. तिथे इंजिन स्पेलिंगवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज हमखास फसतो. गावांची, माणसांची नावं नेहमी हाताने, ध्वनी-ध्वनी करून लिहावीत.

आता लांब स्वर. ‘रोड’मधला ओ आपल्या ओसारखा एकसंध नसतो, तो शेवटी उकडे झुकतो. ‘ड्राय’मध्ये आ सुरू होतो आणि इवर संपतो. चांगला गायक तीन मात्रांतला जवळजवळ सगळा वेळ पहिल्या स्वरावर घालवतो आणि दुसऱ्यावर शेवटच्या क्षणी जाऊन येतो. यंत्र पुष्कळदा मधोमध वळतं, आणि मग ‘ड्राआआइइइ’ असं शेळीसारखं ऐकू येतं. सिंथेसायझर व्ही या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ध्वनीची लांबी कमी-जास्त करता येते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही, तिथे सूर दोन तुकड्यांत तोडा, मोठ्या तुकड्यावर आ ठेवा आणि इवल्याशा शेपटीवर इ.

व्यंजनांची वेळ हा ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला चटकन कळणारा भाग. समेवर काय यायला हवं? व्यंजन नव्हे, स्वर. ‘ड्राय’मधला ‘ड्र’ समेच्या आधी उरकला पाहिजे, आ नेमका ठेक्यावर उघडला पाहिजे. माणूस हे न शिकवता करतो. यूटाऊ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे आकड्यांत भरावं लागतं: प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वराआधीचा भाग किती मिलिसेकंदांचा आणि मागच्या ध्वनीवर तो किती चढवायचा, हे ओटो फायलीत लिहिलेलं असतं. ते चुकलं की गायिका सतत ठेक्याच्या मागे राहते आणि आपण तिला बेसूर ठरवतो. नवी इंजिनं ही वेळ स्वतः साधतात, पण त्यासाठी आधीच्या सुराला थोडी जागा लागते. दोन सूर एकाला एक चिकटवून मधे तीन व्यंजनं कोंबली तर कुठलंही इंजिन अडखळेल.

‘रोड टु’मध्ये ड आणि ट समोरासमोर येतात. इथे ‘ड’ पूर्ण फोडायचा नाही. जीभ टाळूला लावून थांबायचं आणि थेट ‘टु’ सोडायचा. यंत्र दोन्ही फोडतं, ‘रोडअ टु’ असं काहीतरी. ‘ड’ची लांबी निम्मी करा, नाहीतर काढूनच टाका. ऐकणाऱ्याचा मेंदू तो भरून घेतो. ‘लाँग’च्या शेवटी आपण ग म्हणतो, इंग्रज म्हणत नाही. आवाज नाकात विरतो आणि संपतो. शब्द टाइप केला तर इंजिनला हे माहीत असतं. मात्र ध्वनी हाताने लिहायला गेलात तर मराठी सवयीने ग घुसवू नका.

हे सगळं इंग्रजीतच का छळतं, याचं कारण इतिहासात आहे. कॉम्प्युटर पहिल्यांदा गायला तोच इंग्रजीत, १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्रावर. यामाहाच्या व्होकॅलॉइड या गाणाऱ्या सॉफ्टवेअरचे २००४ साली बाजारात आलेले पहिले दोन आवाज, लिऑन आणि लोला, तेही इंग्रजीच. पण जग गाजवलं ते ३१ ऑगस्ट २००७ ला आलेल्या हात्सुने मिकू या व्होकॅलॉइड आवाजाने, जपानीत. जपानीचा घाट आपल्या बाराखडीच्या जवळचा, व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर. एका पट्टीतल्या जपानी आवाजासाठी ध्वनींच्या साधारण ५०० जोड्या ध्वनिमुद्रित केल्या की भागतं, इंग्रजीसाठी सुमारे २,५०० लागतात. जेवढे सांधे जास्त, तेवढ्या उसवायच्या जागा जास्त. मिकूलाही नीट इंग्रजी यायला २०१३ उजाडलं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची इंजिनं आली, एका भाषेत ध्वनिमुद्रित केलेला आवाज दुसऱ्या भाषेत गातो, सांधे दिसत नाहीत. पण तीन मात्रा कुठे आणि एक कुठे, हे अजूनही त्यांना आपणच सांगतो.

इथे मोडनिंबच्या वाचकाचा एक रास्त आक्षेप येईल. आपल्याकडच्या कला केंद्रांत संगीत बारी ऐकून वाढलेल्या माणसाला शब्द गिळणं हा गुन्हा वाटतो. बैठकीच्या लावणीत एकच ओळ बाई पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी वेगळ्या शब्दावर अदा करते, आणि दाद त्या शब्दाला असते. शब्द कळला नाही तर बारी फुकट. खरं आहे. पण नीट ऐकलंत तर तिथेही सगळे शब्द सारखे नसतात. ज्या शब्दावर खेळायचं तो उचलला जातो आणि बाकीची ओळ पेटीवर भरभर उतरते. इंग्रजीने ही निवड भाषेतच करून ठेवली आहे, एवढाच फरक. इंग्रजी गाणं बसवायला कान हवा तर तो तुमच्याकडे आहे, फक्त वापरा.

सुरांच्या वळणांबद्दल फार लिहीत नाही, कारण नवशिके तिथेच आधी हात घालतात आणि घालवतात. नवं इंजिन स्वतः मींड, हलकासा चढ घेतं. ते आधी तसंच ऐका. कंपनाची घाई नको. इंग्रजी पॉपमध्ये लांब सूर आधी सरळ धरतात, कंपन उत्तरार्धात येतं, सेकंदाला पाच-सहा हेलकावे पुरतात. प्रत्येक सुरावर कंपन लावलं की गायिका थंडीने कुडकुडतेय असं वाटतं. श्वासाला मात्र जागा ठेवा. ‘ड्राय’नंतर मात्रा-दोन मात्रा रिकाम्या सोडा आणि तिथे श्वासाचा आवाज टाका. माणसाला जिथे दम लागेल तिथे यंत्राला दम लागला नाही, तर ऐकणाऱ्यालाच गुदमरायला होतं. पट्टीही बघून घ्या. व्हॉइसबँकसोबत कुठपासून कुठपर्यंतचे सूर खुलतात ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर चाल नेलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

काहींनी विचारलं, व्हॉइसबँक कशाला, प्रसिद्ध गायकाचा आवाजच क्लोन केला तर? करू नका. व्हॉइसबँकमधल्या गायकाने संमतीने आणि मोबदला घेऊन आवाज दिलेला असतो. क्लोनमध्ये तो चोरलेला असतो. २०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने मनाई केली आहे.

शेवटी तपासणी. ओळ बनवणाऱ्याला ती नेहमी स्पष्टच ऐकू येते, कारण शब्द त्याच्या डोक्यात असतात. म्हणून गाणं दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा, ज्याने शब्द पाहिलेले नाहीत, आणि ऐकलेलं कागदावर लिहायला सांगा. संगीत बंद ठेवा, नुसता आवाज. त्याने जिथे चुकीचा शब्द लिहिला तिथे परत जा, आधी मात्रा बघा, मग स्वर, सगळ्यात शेवटी व्यंजन. इंग्रजी फारसं न येणारा माणूसही चालतो. वजन कुठे पडलं आणि ओळ कुठे अडखळली, ते तो तुमच्यापेक्षा लवकर सांगेल.

पुढच्या भागात हा आवाज ढोलकी-पेटीच्या मधे कसा बसवायचा ते बघू: ‘स’ आणि ‘श’ची टोचणी कशी कमी करायची, घुमारा किती द्यायचा. तोपर्यंत वरच्या पद्धतीने स्वतःची एक ओळ बांधा आणि पाठवा. सोबत शब्द लिहू नका.