तळ्याकांठचा तळ

सहामाही परीक्षा आटोपली, कीं मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "सर, यंदां तळ कोठें?" मुलांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडावें म्हणून या बाबतींत आम्हांस ठाऊक असलेलें थोडेंसें येथें मांडीत आहों.

देऊळघाटच्या मुलांस रान शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. अजिंठ्याच्या डोंगररांगेंत ज्ञानगंगा अभयारण्य पसरलें आहे. तें १९९७ सालीं घोषित झालें. क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर. साग, धावडा, सालई, पळस हीं तेथील झाडें. बिबट्या, अस्वल, नीलगाय हीं जनावरें. २०१९ सालीं टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारें १३०० किलोमीटर वाट तुडवीत या रानांत येऊन पोंचला. गळ्यांत रेडिओपट्टा असल्यामुळें त्याचा मार्ग कळला. ना नकाशा, ना शिदोरी!

आपल्या गांवावरून वाहणाऱ्या पैनगंगेचें पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळतें. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावरील पाऊस मात्र ज्ञानगंगा, विश्वगंगा यांतून पूर्णेस, पुढें तापीस आणि शेवटीं अरबी समुद्रास जातो. एकाच ढगाचे दोन थेंब दोन समुद्रांस कसे जातात, हें वर्गांतील नकाशापेक्षां माथ्यावर उभें राहून लवकर उमगतें.

अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवांचून जातां येत नाहीं व आग लावणें हा १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे. सागाचीं वाळलेलीं पानें उन्हाळ्यांत जमिनीवर गालिच्यासारखीं पसरतात. एक ठिणगी पुरे. म्हणून चुलीचा हट्ट सोडावा. भाकरी, ठेचा, कांदा घरूनच न्यावा.

आतां पाण्याविषयीं. धरणाचा तलाव म्हणजे बुडालेली दरी होय. तळाशीं जुन्या ओढ्याचें पात्र तसेंच असतें. त्यामुळें एका पावलास कमरेइतकें असलेलें पाणी दुसऱ्या पावलास डोक्यावरून जातें. गाळांत रुतलेला पाय उपसूं लागलें, कीं दुसरा अधिक रुततो. वर ऊन लागलेलें पाणी कोमट, खालीं थंडगार. तेथें पायांत गोळे येतात. गालील सरोवरावर अकस्मात् उठलेल्या वादळाची हकीकत शास्त्रपाठांत मुलांनीं ऐकली आहेच. नावेंतील शिष्यांत धंद्यानें कोळी असलेलेही होते, तरी ते घाबरले. पोहणें शिकावयाचें तें जाणत्याच्या देखरेखीखालीं, पाठीस भोपळा बांधून. सहलींत शिकूं नये. येळगांवच्या तलावाचें पाणी तर बुलढाणें शहर पितें. त्यांत डुंबण्याचा विचारही नको.

बुडणारा ओरडतो, अशी पुष्कळांची समजूत आहे; आमचीही होती. तोंड पाण्याखालीं जात असतां हांक फुटावी कशी? एके वर्षीं एका तलावाकांठीं ताट धुण्यास गेलेला मुलगा घसरून खोल पाण्यांत गेला. आम्ही दहा पावलांवर शिधा मोजीत होतों. आम्हांस कांहींच ऐकूं आलें नाहीं. पलीकडच्या गुराख्यानें तें पाहिलें. त्यानें पाण्यांत उडी घेतली नाहीं. डोक्याचा फेटा सोडून कांठावर पालथें पडून टोंक फेंकलें. मुलगा वर आला. तेव्हांपासून आमच्या सहलींत शिध्याबरोबर वीस हातांचा दोर असतो, आणि पाण्याकडे तोंड करून बसणारा एक शिक्षक असतो. त्यास दुसरें कोणतेंही काम सांगत नाहींत.